किराईत, करियातुं आणि कुक्कुटखाद्य

कोंबड्यांच्या खाद्यात वनस्पतिजन्य पूरके मिसळण्याचा विषय प्रथमदर्शनी पशुवैद्यकाचा वाटतो. परंतु त्याची एक बाजू भाषाशास्त्राच्या कक्षेत येते. तिचा विचार येथे करावयाचा आहे.

युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून जनावरांची वाढ साधण्यासाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यास बंदी केली. भारतात २०१९ साली अन्नोत्पादक पशुपक्ष्यांकरिता कोलिस्टिनचा वापर निषिद्ध ठरला. प्रतिजैविकांची उणीव भरून काढण्यासाठी हळद, लसूण, ओवा, काळमेघ इत्यादी वनस्पतींकडे लक्ष गेले. ओव्यातील थायमॉल जंतूंच्या पेशीपटलास बाधा आणते. हळदीतील कर्क्युमिन ऑक्सिडीकरणास आळा घालते. मात्र प्रत्यक्ष प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही प्रयोगांत वजन वाढून खाद्याची बचत झालेली दिसते, तर काहींत फरक आढळत नाही. स्वच्छ जागी वाढलेल्या निरोगी पक्ष्यांत सुधारणेस मुळातच वाव थोडा असतो, हे त्याचे एक कारण होय. मात्रा, वनस्पतीचा वापरलेला भाग व वाळविण्याची पद्धत यांतील भिन्नता हे दुसरे. तिसरे कारण म्हणजे नाव.

घाटकोपरसारख्या उपनगरात मराठी व गुजराती शेजारी नांदतात. मराठीतील 'किराईत' ही हिमालयात होणारी वनस्पती, शास्त्रीय नाव स्वेर्शिया चिरायिता. काळमेघाला, म्हणजे अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा या निराळ्या कुळातील वनस्पतीला, मराठीत 'ओले किराईत' म्हणतात. गुजरातीत 'करियातुं' हा शब्द दोहोंसाठी चालतो. दोन्ही अत्यंत कडू. त्यामुळे चवीवरून भेद करणे कठीण. परंतु काळमेघाचा कडूपणा मुख्यतः अँड्रोग्राफोलाइडमुळे, तर किराईताचा अमॅरोजेंटिनसारख्या द्रव्यांमुळे येतो. 'ओले' हे विशेषण गळले, की नावाबरोबर द्रव्यही बदलते!

शास्त्रीय नाव लिहिले की दोष संपला, असेही नाही. भुईआवळ्याला आपल्याकडील ग्रंथांत दीर्घकाळ 'फिलँथस निरुरी' म्हटले गेले. पुढे त्या एका नावाखाली अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस अशा निरनिराळ्या जाती एकत्र आल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखविले. खरी निरुरी अमेरिका खंडातील आहे.

म्हणून अशा संशोधनाचा निबंध वाचताना अभ्यासकाने पुढील गोष्टी पाहाव्यात: वनस्पतीचा नमुना तज्ज्ञाकडून ओळखून जतन केला आहे काय, कोणता भाग वापरला, प्रमुख द्रव्याचे प्रमाण मोजले काय, आणि पूरक न दिलेला तुलनागट होता काय. यांपैकी पहिली गोष्ट नसेल, तर उरलेल्या आकड्यांतून कोणत्या वनस्पतीचा गुण सिद्ध झाला, हेच सांगता येत नाही. त्या निष्कर्षावर विसंबून खाद्य विकत घेणाऱ्या कुक्कुटपालकाचा पैसा मात्र खराखुरा खर्च होतो.

बोलीतील नावे टाकाऊ नव्हेत. वनस्पतीपर्यंत पोहोचण्याचा पहिला मार्ग त्यांच्यातूनच जातो. ती कोणत्या गावी, कोणाच्या तोंडी, कोणत्या वनस्पतीसाठी वापरली जातात याची नोंद करणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे, आणि पशुवैद्यकाच्या प्रयोगाला त्या नोंदीची गरज आहे.