भाषेची वाट, लेखांक ६ : मराठीतून हिब्रू

हिब्रूची २२ अक्षरं आणि शब्दाच्या शेवटी रूप बदलणारी त्यांतली ५ अक्षरं मागच्या लेखांकात झाली. आता साधनांकडे वळू. नायगावसारख्या तालुक्याच्या गावी हिब्रूचा शिक्षक कुठून आणायचा? हाताशी आहे तो मोबाइल. ड्युओलिंगोवर हिब्रू फुकट शिकता येते, पण इंग्रजीतून. मराठी माणसाने त्यासाठी इंग्रजीचा वळसा घ्यावा हे मला पटत नाही. कारण ही भाषा आपल्याकडे थेट मराठीतून शिकवली गेली आहे.

जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, ते बेने इस्रायलींसाठी. हे कोकणातले तेलाचे घाणे चालवणारे ज्यू लोक. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घरची भाषा मराठी, प्रार्थनेची हिब्रू. पुढे त्यांच्यातल्याच जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी (१८३४–१९०५) हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षकही होते. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाचा ग्रंथ, हग्गादा, मराठी भाषांतरासह निघाला. त्यातल्या चित्रात साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराची भाकरी करताहेत. किती आपलं चित्र आहे ते!

आपल्या नांदेड भागाला आणखी एक सोय आहे. इथे निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत कारभार उर्दूत चालायचा, आणि आजही नांदेडकडे उर्दू वाचणारे पुष्कळ आहेत. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय असलेल्याला उर्दूच्या अलिफ-बेवरून हिब्रूच्या आलेफ-बेतकडे यायला वेळ लागत नाही. शेजारी असं कुणी असेल तर पहिल्या आठवड्यात त्यांच्याजवळ बसाच.

हिब्रूत स्वर अक्षरांखाली-वर टिंबं-रेघांनी दाखवतात. त्या खुणांना निकुद म्हणतात. रोजच्या छापील मजकुरात त्या गाळलेल्या असतात. नवशिक्याने मात्र निकुदसहितच वाचावं. सेफारिया या संकेतस्थळावर बायबलचा हिब्रू मजकूर निकुदसह फुकट मिळतो.

शब्द पाठ करायला अँकी हे पत्त्यांचं अ‍ॅप घ्या; संगणकावर आणि अँड्रॉइडवर पैसे पडत नाहीत. विसरायच्या बेताला आलेला शब्द ते नेमका पुन्हा पुढे आणतं. तयार गठ्ठे इंग्रजीतले असतात, म्हणून पत्ते स्वतः बनवा : पुढे निकुदसह हिब्रू शब्द, मागे देवनागरीत उच्चार आणि मराठी अर्थ. हिब्रू आणि मराठी एकाच ओळीत टाइप करू नका; कर्सर उलटसुलट उड्या मारतो आणि शब्दांचा क्रम बिघडतो. हिब्रूचा रकाना वेगळा ठेवून त्याची दिशा उजवीकडून डावीकडे करायची सोय अँकीत आहे. आणखी एक रकाना शब्दाच्या तीन-अक्षरी धातूसाठी राखा, कारण जुन्या धाटणीच्या कोशांत शब्द धातूखालीच शोधावा लागतो.

पुढच्या आठवड्यात क्रियापदं घेऊ. तोवर बायबलातल्या ‘उत्पत्ती’च्या पहिल्या पाच ओव्या निकुदसह मोठ्याने वाचा आणि त्यांतल्या शब्दांचे पत्ते करून ठेवा.