पितळेचे पातेले आणि बाळाचे यकृत

घरातील पितळेचे पातेले ही पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव. चिंचेने घासून लख्ख केलेले हे भांडे तान्ह्या बाळाच्या जिवावर उठू शकेल, अशी शंका कोणाच्या मनात येणार? परंतु मुलांच्या यकृताच्या एका असाध्य विकाराचे मूळ शोधताना वैद्यकशास्त्र अखेर याच पातेल्यापाशी येऊन पोहोचले.

कलकत्त्याच्या एस्प्लनेडवरून विजेची ट्राम सुटण्यास अजून पंधरा वर्षे अवकाश होता, त्या वेळी, म्हणजे १८८७ साली, त्याच शहरात डॉ. सेन यांनी या रोगाचे पहिले वर्णन केले. पुढे त्यास ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ हे नाव मिळाले. एक ते तीन वर्षांची मुले त्यास विशेष बळी पडत. पोट फुगे, यकृत वाढून कठीण होई, कावीळ व जलोदर होऊन बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. एकाच घरातील दोन-दोन भावंडे गेली, की लोक दैवाला बोल लावीत.

१९७० नंतरच्या दशकात अशा यकृतांत तांब्याचा मोठा साठा आढळला. पण हे तांबे आले कोठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मातांनाच विचारले : बाळाला वरचे दूध केव्हा सुरू केले? ते कोणत्या भांड्यात तापविले? उत्तरांतून सूत्र गवसले व १९८३ साली ते प्रसिद्ध झाले. अंगावरचे दूध लवकर सुटलेल्या बाळांना पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेले गाई-म्हशीचे दूध मिळत होते. दुधातील प्रथिन तांबे धरून ठेवते. ते शरीराबाहेर पडण्याची मुख्य वाट पित्ताची, आणि तान्ह्या यकृताची ही शक्ती अपुरी असते.

ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांतातही १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने १३८ मुले दगावली होती. तेथेही दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापविले जाई. असे दूध पिणारे प्रत्येक मूल आजारी पडत नसे. त्यामुळे काही मुलांत उपजत दुर्बलता असावी, असेही तज्ज्ञ मानतात. पेनिसिलामाइन या औषधाने वेळीच उपचार झालेली काही मुले वाचली. परंतु खरा विजय प्रतिबंधाचा होता. स्टीलची भांडी आली, मातांना सल्ला मिळाला आणि हा रोग आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

तेव्हा वाचकहो, हौसेने तांब्या-पितळेची भांडी पुन्हा घरात आणा. मात्र बाळाचे दूध त्यांत तापवू नका. पहिले सहा महिने त्यास आईचेच दूध द्या. आणखी एक गोष्ट ध्यानी असू द्या : जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही कावीळ राहिली, वा शी पांढुरकी होऊ लागली, तर ‘जाईल आपोआप’ म्हणून थांबू नका. पित्तनलिका बंद असल्यास करावयाची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत अधिक यशस्वी होते. येथे एकेक दिवस मोलाचा असतो.