फोन आजीच्याच हातात द्या

मी बचत गटांचं काम बघते. बैठकीत हिशोब संपला, वही मिटली, की एक तरी ताई पिशवीतून मोबाईल काढते आणि विचारते, "ताई, हा मेसेज कसला आलाय गं?" त्यातूनच आजचा विषय घेतलाय. आपल्या घरातली वयस्कर माणसं आणि त्यांचा मोबाईल.

आधी घरात काय चालतं ते बघू. आजीचा फोन वाजला की नातू उचलतो. तिचे पैसे काढायला सून जाते, नाहीतर शेजारचा मुलगा. आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि त्याच पिशवीत चिठ्ठीवर पिन नंबर लिहिलेला. आजीने फोन हातात घेतला की आपण म्हणतो, "राहू दे गं, तुला नाही जमायचं. दे इकडे, मी करते." आपण हे प्रेमानेच म्हणतो. घाईही असते. पण आजी त्यातून एकच गोष्ट शिकते, की फोनचं काम आपलं नाही, ते दुसऱ्याने करून द्यायचं. मग उद्या एखादा गोड बोलणारा अनोळखी माणूस "द्या आजी, मी करून देतो" म्हणाला, तर ती त्यालाही देते. आपणच तशी सवय लावलेली असते.

म्हणून मला आज एवढंच सांगायचंय. आजीला सुरक्षित ठेवायचं तर फोन तिच्यापासून लपवू नका, तो तिला शिकवा. स्वतःच्या हाताने काम करणारी बाई पटकन फसत नाही.

मोबाईल, अंगठा, खातं हे आता म्हाताऱ्या माणसांना टाळता येत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये थेट खात्यात जमा होतात. ते काढायला आधार आणि अंगठा लागतो. मुलगा वापीला नाहीतर बोईसरला कंपनीत असतो. कुणाचा खलाशी म्हणून वेरावळ, पोरबंदरच्या बोटीवर गेलेला असतो. त्याचं तोंड बघायचं तर फोनच. दवाखान्याचा नंबर, गॅसचा नंबर, सगळं त्यातच.

सरकारनेही गावात डिजिटल शिक्षण दिलं. २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आलं. सहा कोटी घरांपर्यंत पोचायचं, प्रत्येक घरातल्या एकाला शिकवायचं असं ठरलं होतं. पण त्यात वयाची अट होती, १४ ते ६० वर्षं. म्हणजे साठीच्या पुढची आजी त्यात बसतच नव्हती. तिला शिकवायचं काम घरावर आणि गटावर राहिलं.

"पण या वयात जमतं का?" असं कुणी विचारलं तर ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्याचं उदाहरण सांगा. तिथे फांगणे नावाचं छोटं गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, तिथे योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या, अगदी नव्वदीला टेकलेल्या आज्या गुलाबी साडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी दोन तास शाळेत बसू लागल्या. आयुष्यभर अंगठा उठवलेल्या बायका सही करायला शिकल्या. शाळा दुपारी ठेवली, म्हणजे घरचं काम उरकून येता येईल. सगळ्या एका वयाच्या, म्हणजे कुणी कुणाला हसणार नाही. या दोन गोष्टी आपण लक्षात ठेवायच्या.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या बोर्डीलाच १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावर न्यायची, अंगणात भरवायची. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवायची. आजीलाही असंच शिकवायचं. तिला प्रशिक्षण केंद्रात बोलावू नका. ती ओट्यावर बसून चिकू निवडत असेल, जाळं विणत असेल, तिथेच तिच्या शेजारी बसा. तिच्याच बोलीत बोला, वारलीत म्हणा, मांगेलीत म्हणा, नाहीतर गुजरातीत.

आता प्रत्यक्ष कसं शिकवायचं ते सांगते.

सगळ्यात आधी फोन तिच्यासाठी नीट करा. अक्षरं मोठी करा. भाषा मराठी करा. रिंगचा आवाज वाढवा. नको ती ॲप काढून टाका. पहिल्या पानावर चारच चित्रं ठेवा: फोन, फोटो, व्हॉट्सॲप, टॉर्च. घरच्यांचे नंबर फोटोसकट साठवा, म्हणजे वाचता येत नसलं तरी चेहरा बघून फोन लावता येतो. व्हॉट्सॲपवर लिहिता येत नसेल तर माईकचं चित्र दाबून बोलायला शिकवा. आपल्याकडच्या बायका लग्नाचा चौक भिंतीवर लिहितात. त्यातल्या प्रत्येक खुणेला अर्थ असतो आणि तो त्यांना पाठ असतो. फोनवरची चिन्हंही तशा खुणाच आहेत. हिरवं म्हणजे बोला, लाल म्हणजे बंद.

दुसरं, शिकवताना आपले हात पाठीमागे ठेवा. हे सगळ्यात अवघड आहे. तिचं बोट थरथरतं, चुकीच्या जागी लागतं आणि आपला हात पुढे येतो. आणू नका. तोंडाने सांगा, बोट तिचंच असू द्या. एका दिवशी एकच गोष्ट. सोमवारी फोन उचलणं, मंगळवारीही तेच. तिला जमलं की तिने ते दुसऱ्या आजीला शिकवायचं.

तिसरं, सुरुवात आनंदाच्या गोष्टीने करा. पहिल्याच दिवशी बँक नको. आधी मुलाचा व्हिडिओ कॉल, नातवाचा फोटो, आवडीचं भजन. गोडी लागली की भीती जाते, आणि भीती गेली की पैशांचं शिकवता येतं.

आता पैशांच्या आणि सावधगिरीच्या पाच गोष्टी. या आजीकडून पाठ करून घ्या.

पहिली गोष्ट. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. "तुम्हाला पैसे आलेत, घ्यायला पिन टाका" किंवा "हा क्यूआर कोड स्कॅन करा" असं कुणी सांगितलं की समजायचं, तो आपले पैसे काढून घेतोय. ओटीपीचंही तेच. बँकवाला, गॅसवाला, योजनेवाला, कुणीही फोनवर मागितला तरी द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. हिच्याकडे आपण फार लक्ष देत नाही. आधारवर पैसे काढताना ना पिन लागतो, ना ओटीपी. बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा, एवढ्यावर पैसे निघतात. म्हणजे आपला अंगठाच आपली किल्ली. वाडीत, शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात, त्यामुळे मशीनवर अंगठा खरोखरच लागत नाही असंही होतं. पण काही लबाड माणसं याचाच फायदा घेतात. "लागला नाही आजी, परत लावा" म्हणतात आणि दोनदा पैसे काढतात. म्हणून आधी शिल्लक विचारायची, मग पैसे काढायचे, मग पुन्हा शिल्लक विचारायची. पावती मागायचीच. "नाही लागला" म्हणाले तर "मशीनवर काय आलंय ते दाखवा, त्याची पावती द्या" म्हणायचं. हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावून बघायचं. कोऱ्या कागदावर किंवा सिमकार्ड देतो म्हणणाऱ्याच्या मशीनवर उगीच अंगठा द्यायचा नाही. आधारचा अंगठा कुलूपबंदही करता येतो. आधारच्या अधिकृत ॲपमधून किंवा वेबसाइटवरून ते होतं, त्यासाठी मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा. मात्र पैसे काढायला जाताना ते कुलूप उघडावं लागतं, हे विसरू नका. आधारची चौकशी करायला १९४७ हा नंबर आहे.

तिसरी गोष्ट धाक दाखवणाऱ्या फोनची. "मी पोलीस बोलतोय, तुमच्या नावाने पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अटक केलीय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला सांगू नका." असे फोन शहरातल्या शिकल्यासवरल्या म्हाताऱ्यांनाही येतात आणि तेही लाखो रुपये घालवून बसतात. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही यावर सावध केलं होतं. कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि फोनवर पैसे मागत नाहीत. "कुणाला सांगू नका" हे शब्द ऐकले की आजीने फोन ठेवायचा आणि सगळ्यात आधी घरात सांगायचं.

चौथी गोष्ट. अनोळखी नंबरवरून लग्नपत्रिका आली, योजनेची यादी आली, लाईट कापणार असा मेसेज आला, तर त्यातल्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवायचं नाही. पत्रिका म्हणून पाठवलेली ती फाईल उघडली की फोनमध्ये चोर शिरतो, आपले मेसेज वाचतो. लग्नाचं आमंत्रण असेल तर माणूस घरी येईल, नाहीतर फोन करेल. आणि "आई, माझा नंबर बदललाय, अडचणीत आहे, पैसे पाठव" असं आलं तर मुलाच्या जुन्या नंबरवर फोन लावायचा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. जुन्या बैलाचं नाव, विहिरीचं नाव, काहीही. तो शब्द सांगता आला नाही तर तो आपला मुलगा नाही.

पाचवी गोष्ट पैशांची नाही, पण आपल्या तालुक्यासाठी फार मोठी आहे. आलेला मेसेज तसाच पुढे पाठवायचा नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यात गडचिंचल्याला जमावाने दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशा तिघांचा जीव घेतला. त्या दिवसांत चोर आलेत, मुलं पळवणारे आलेत अशा अफवा गावोगाव फिरत होत्या. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले, ते आपण सोसलेच आहेत. भूकंप अमुक वेळेला होणार हे आधी कुणालाच सांगता येत नाही. तसा मेसेज आला तर तो खोटाच. भीतीचा मेसेज आला की आजीने तो आधी घरात दाखवायचा, पुढे पाठवायचा नाही.

एवढं करूनही कुणी फसलं तर? मैत्रिणींनो, खरी परीक्षा तेव्हा आपली असते.

पैसे गेले की आजीला कळतं. पण ती बोलत नाही. मुलगा ओरडेल, सून बोलेल, फोन काढून घेतील, या भीतीने ती दोन-दोन दिवस गप्प राहते. आणि चोराला तेवढाच वेळ हवा असतो. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात. ते लवकर अडवले तरच हाती लागण्याची आशा. म्हणून पैसे गेल्याचं कळताच १९३० या नंबरवर फोन करायचा. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. सोबतच बँकेला कळवून खातं थांबवायचं, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं. फोन करताना बँकेचं नाव, खाते नंबर, किती रुपये, किती वाजता, आणि पैसे गेल्याच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक जवळ ठेवायचा. म्हणून तो मेसेज पुसून टाकू नका.

लवकर कळवण्याचा आणखी एक फायदा आहे. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना नियम घालून दिले. आपली चूक नसताना आणि बँकेचीही नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत आपण कळवलं, तर तो तोटा आपल्यावर येत नाही. आपणच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला. पण कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेचं. म्हणजे फसलेल्या आजीनेही लगेच तोंड उघडलं तर पुढचे पैसे वाचतात.

आणि तोंड उघडायचं तर घरात धीर हवा. "तुला सांगितलं होतं ना!" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका. "बरं केलंस सांगितलंस, चल फोन लावू" असं म्हणा. तेवढ्या एका वाक्याने पुढच्या वेळी ती तासाभरात सांगेल.

आता गटाचं काम. आपली साप्ताहिक बैठक होतेच. बचत, कर्ज, परतफेड, वही झाली की शेवटची दहा मिनिटं मोबाईलला द्या. सदस्य ताईंनी आपल्या सासूला, आईला बरोबर आणायचं. आठवड्यात आलेले विचित्र फोन आणि मेसेज सगळ्यांनी सांगायचे. एकीला आलेला खोटा फोन सगळ्यांना कळला की दुसऱ्या नऊजणी वाचतात. गटात एक ताई ठरवा, जिला कुठल्याही आजीने विचारावं आणि जिने कधी हसू नये. पण त्या ताईनेही आजीचा पिन विचारायचा नाही. पिन टाकायची वेळ आली की सगळ्यांनी तोंड फिरवायचं.

या आठवड्यात फक्त दोन कामं करा. आजीच्या फोनमध्ये १९३० हा नंबर साठवा. आणि एक फोन तिला स्वतःच्या बोटाने लावू द्या, कितीही वेळ लागला तरी. पुढच्या बैठकीत कुणाच्या आजीने कुणाला फोन लावला, ते आम्हाला जरूर कळवा.