बुद्धीचें माप आणि अल्फ्रेड बिने

ज्याच्या कपाळीं ‘ढ’ हा शिक्का बसला आहे असा एखादा विद्यार्थी बहुधा प्रत्येक वर्गांत असतो. तो शिक्का प्रथम कोणी मारला हें सांगणें कठीण. परंतु एकदां तो बसला कीं शिक्षक, सोबती, आईबाप आणि शेवटीं तो मुलगा स्वतः, असे सर्वच त्यावर विश्वास ठेवूं लागतात. बुद्धि म्हणजे काय, ती मोजतां येते काय, आणि मोजलीच तर त्या मापाचा उपयोग कोणता करावा, हे प्रश्न शैक्षणिक मानसशास्त्रानें हातीं घेतले. त्या शास्त्राच्या इतिहासांतील या एका प्रकरणाचा परिचय येथें करून देण्याचें योजिलें आहे.

हें शास्त्र फार जुनें नाहीं. मुलाच्या मनाचा कल ओळखून शिकवावें, हा विचार स्वित्झर्लंडांतील पेस्टालोझी (१७४६–१८२७) यानें आपल्या शाळांत आचरून दाखविला. नवें ज्ञान जुन्या ज्ञानाशीं जोडून दिल्यावांचून तें मनांत ठरत नाहीं, हें तत्त्व जर्मन तत्त्ववेत्ता हर्बार्ट (१७७६–१८४१) यानें मांडलें. परंतु या दोघांचीं मतें चिंतन व अनुभव यांवर उभारलेलीं होतीं. त्यांस प्रयोगाची जोड नव्हती. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळूं लागली. १८८५ सालीं एबिंगहाउस या जर्मन पंडितानें निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून स्मरण व विस्मरण यांचीं मापें प्रसिद्ध केलीं. आणि १९०३ सालीं अमेरिकेंत थॉर्नडाइक याचा ‘शैक्षणिक मानसशास्त्र’ याच नांवाचा ग्रंथ निघाला. याच सुमारास पॅरिस शहरीं अल्फ्रेड बिने हा आपले प्रयोग करीत होता.

बिने याचा जन्म १८५७ सालीं नीस येथें झाला. डोक्याच्या आकारावरून बुद्धीचा अंदाज करावा, असें त्या काळीं अनेक विद्वानांस वाटे. बिने यानेंही शाळकरी मुलांचीं डोकीं मोजून पाहिलीं. पण हुशार व मंद मुलांच्या मापांत अंतर इतकें अल्प निघालें कीं, त्यावरून एकाही मुलासंबंधीं निश्चित विधान करणें त्यास योग्य वाटेना. घरीं त्याच्या दोन मुली होत्या. त्यांच्या विचार करण्याच्या रीतीचें त्यानें दीर्घकाळ निरीक्षण केलें. एकीचें लक्ष स्थिर व वस्तुनिष्ठ, तर दुसरीचें मन कल्पनेंत रमणारें. बुद्धीचा शोध घ्यावयाचा तर तो कवटीच्या हाडांत नव्हे, तर समजणें, तर्क करणें व निर्णय करणें या क्रियांत घेतला पाहिजे, अशी त्याची खात्री झाली.

या विचारास लवकरच प्रत्यक्ष काम मिळालें. फ्रान्समध्यें १८८२ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें होतें. त्यामुळें सर्व प्रकारचीं मुलें शाळेंत येऊं लागलीं. जीं इतरांबरोबर चालूं शकत नाहींत, त्यांच्यासाठीं कोणती व्यवस्था करावी, हें ठरविण्यास सरकारनें १९०४ सालीं एक मंडळ नेमलें. बिने हा त्याचा सभासद होता. अशीं मुलें निवडावयाचीं कशीं, हा खरा प्रश्न होता. केवळ शिक्षकाच्या मतावर विसंबलें तर जो खोडकर, त्रासदायक अथवा दुर्लक्षित, त्याचीही गणना मंदबुद्धींत होण्याचें भय होतें.

म्हणून १९०५ सालीं बिने यानें सीमों या डॉक्टराच्या साहाय्यानें तीस कसोट्यांची एक मालिका तयार केली. पहिली कसोटी अगदीं सोपी: पेटलेली काडी डोळ्यांसमोरून फिरविली असतां मूल तिच्याकडे पाहतें काय? पुढें सांगितलेले आंकडे पुन्हां म्हणणें, दोन वजनांतील जड कोणतें तें ओळखणें, लांकूड व कांच यांतील भेद सांगणें, अशा चढत्या पायऱ्या होत्या. शाळेंत पाठ केलेल्या विद्येवर शक्य तों भर दिलेला नव्हता. १९०८ सालीं या कसोट्या वयाप्रमाणें लावण्यांत आल्या. ज्या वयाच्या बहुसंख्य मुलांस जी कसोटी साधते, ती त्या वयाची, असा नियम ठेवला. आठ वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या कसोट्यांपर्यंतच पोंचला, तर तो दोन वर्षें मागें आहे असें समजावें.

येथें एक अडचण होती. आठव्या वर्षीं दोन वर्षें मागें असणें आणि चौथ्या वर्षीं दोन वर्षें मागें असणें या गोष्टी सारख्या नव्हेत. म्हणून १९१२ सालीं स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञानें मानसिक वयास प्रत्यक्ष वयानें भागण्याची सूचना केली. पुढें अमेरिकेंत टर्मन यानें १९१६ सालच्या आपल्या आवृत्तींत त्या भागाकारास शंभरानें गुणिलें. त्या रीतीनें पहिल्या मुलाचा अंक ७५ येतो, तर दुसऱ्याचा ५०. हाच तो प्रसिद्ध बुद्ध्यंक.

हा अंक जन्मास येण्यापूर्वींच, १९११ सालीं, बिने मरण पावला होता. त्याचा स्वतःचा हेतु निराळा होता. कसोटीवरून मुलाची आजची स्थिति कळते. ती तशी कां झाली किंवा पुढें तशीच राहील काय, हें कळत नाहीं, असें तो मानी. बुद्धि ही ठराविक असून ती वाढवितां येत नाहीं, या निराशावादाचा त्यानें १९०९ सालच्या आपल्या ग्रंथांत कडक निषेध केला. मागें राहिलेल्या मुलांसाठीं त्यानें मनाचे व्यायाम सुचविले. इशारा होतांच मुलांनीं पुतळ्याप्रमाणें निश्चल उभें राहावयाचें, हा त्यांपैकीं एक. त्यानें मन आवरण्याची संवय लागे. आणि प्रथम शिकावें कसें हें शिकलें, म्हणजे पुढील विद्या सुलभ होते, असें त्याचें म्हणणें होतें.

अमेरिकेंत मात्र हें साधन भलत्याच वाटेनें गेलें. पहिल्या महायुद्धांत, १९१७ व १९१८ सालीं, सुमारें सतरा लाख सैनिकांची बुद्धिपरीक्षा झाली. त्यांत अमेरिकेंतील नामांकित खेळाडू व बाजारांतील माल यांविषयीं प्रश्न होते. निरक्षरांस दाखविलेल्या एका चित्रांत टेनिसच्या मैदानांत काय उणें आहे तें ओळखावयाचें होतें. ज्यानें तो खेळ जन्मांत पाहिला नाहीं, त्यास जाळें कसें आठवावें? तरीही परदेशांतून नुकत्याच आलेल्या लोकांचे कमी गुण हा त्यांच्या वंशाचाच दोष, असें कित्येकांनीं ठरवून टाकिलें.

एका देशाची कसोटी दुसऱ्या देशास जशीच्या तशी लागू पडत नाहीं, ही गोष्ट हिंदुस्थानांतील संशोधकांनीं ओळखिली. लाहोर येथील फोरमन ख्रिस्ती कॉलेजांतील राइस या मिशनरी अध्यापकांनीं १९२२ च्या सुमारास या कसोट्या उर्दू व पंजाबी मुलांसाठीं बसविल्या. पुढें व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांवर प्रयोग करून त्यांचें रूपांतर केलें. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. केवळ भाषांतर करून हें काम होत नाहीं. प्रत्येक प्रश्न आपल्याकडील मुलांस कोणत्या वयांत साधतो, हें नव्यानें पाहावें लागतें.

बिने याच्या मतास पुढील काळानेंही एका परीनें पुष्टि दिली. न्यूझीलंडमधील फ्लिन या अभ्यासकानें १९८४ सालीं दाखवून दिलें कीं, १९३२ ते १९७८ या काळांत अमेरिकेंतील लोकांचे बुद्ध्यंक सुमारें चौदा गुणांनीं वाढले होते. इतक्या थोड्या अवधींत वंश बदलत नाहीं. बदलते ती परिस्थिति, आणि तींत शाळेचाही वांटा असतो.

शुभवर्तमानांतील दाखल्यांत धनी आपल्या दासांस कमीअधिक द्रव्य देतो. परंतु परत आल्यावर तो ‘तुला किती मिळालें’ असें विचारीत नाहीं, ‘त्याचें तूं काय केलेंस’ असें विचारतो. बुद्धीचें माप घ्यावें, तें कोणास किती साहाय्य हवें हें समजण्यासाठीं. ज्या मापानंतर शिक्षक त्या मुलाजवळ अधिक वेळ बसतो, तें माप सार्थकीं लागलें. ज्यानंतर तो त्याच्याकडे पाहीनासा होतो, तें बिने याचें नव्हे.