‘वय झालं’ हा आजार नव्हे!

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्या काळात विशी-पंचविशीत नोकरीला लागलेले कामगार आज पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहेत. दुखले-खुपले की निवृत्तांची पावले सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयाकडे, कारखान्याच्या मुख्य इस्पितळाकडे वळतात. अशा ठिकाणी काम शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांना वृद्धांना तपासण्याचे वेगळे शिक्षण हवे का?

हवेच! कारण म्हातारपणी आजार वेष पालटून येतो. न्यूमोनिया होऊनही ताप चढत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ न येता नुसताच दम लागू शकतो. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज अचानक असंबद्ध बडबडू लागले, की घरचे म्हणतात, ‘आता वय झालं!’ प्रत्यक्षात जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे किंवा झोपेची गोळी हेही कारण असू शकते. ते वेळीच सापडले, तर आजोबा बरे होऊ शकतात. पण डॉक्टरनेही ‘वय झालं’ म्हटले तर?

म्हणूनच विद्यार्थ्यांना काही साध्या गोष्टी अंगवळणी पाडाव्या लागतात. मुलाला विचारण्याआधी आजोबांनाच विचारायचे. सगळी औषधे समोर मांडून नको ती कमी करायची. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायला बारा सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर पडण्याचा धोका ओळखायचा. तीन शब्द सांगून ते थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे. ऐकू येते का, लघवीवर ताबा आहे का, अंघोळ स्वतः करता येते का, हेही पाहायचे.

आपल्या देशात वार्धक्यवैद्यकातील एम.डी.चा अभ्यासक्रम प्रथम मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ मध्ये सुरू झाला. वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आला २०१० मध्ये. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोकांची संख्या दहा कोटींवर होती. एवढ्या लोकांना तज्ज्ञ कसे पुरणार? तेव्हा ही दृष्टी प्रत्येक डॉक्टरकडे हवी.

घरच्यांनीही मदत करावी. दवाखान्यात जाताना काढे-चूर्णांसह सगळी औषधे न्यावीत. आजी कधी पडल्या, सहा महिन्यांपूर्वी कोणती कामे करत होत्या आणि आता कोणती जमत नाहीत, हे आवर्जून सांगावे. निदानाचा धागा बरेचदा तिथेच सापडतो.