बारक्याचे खरे नाव

कॉलेजच्या फाटकाबाहेरची चहाची टपरी. ‘ए बारक्या, दोन कटिंग!’ अशी हाक येते आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा ग्लास घेऊन धावतो. हा शाळेत का नाही, हे कुणी विचारत नाही.

बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला असे नोकरीस ठेवणे दखलपात्र गुन्हा ठरले. पण कायदा आपल्या पायांनी टपरीवर येत नाही. त्याला कुणीतरी बोलवावे लागते.

हे काम तरुणांचे. मालकाशी हुज्जत घातली, तर मुलगा उद्या दुसऱ्या टपरीवर दिसेल. त्यापेक्षा १०९८ वर कळवावे. मुलांसाठीची ही मोफत फोनसेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. जन्मदाखला नसला तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे आईवडिलांना सांगावे. मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवतात. तिथे तो मागे पडू नये म्हणून संध्याकाळी तासभर त्याचा अभ्यास घ्यावा.

आणि सुरुवात? पुढच्या कटिंगच्या वेळी त्याचे खरे नाव विचारण्यापासून.