चाक बसले, तरी टायर का घासतो?

आमच्या एका सहकाऱ्यांनी आपली १९९६ सालची मारुती ८०० अजून जपून ठेवली आहे. मध्यंतरी त्यांनी तिची गंजलेली लोखंडी चाके काढून जुन्या बाजारातून आणलेली रुंद, मिश्रधातूची चाके आणि त्यांवर बसणारे टायर घातले. दुकानात चाके नीट बसली. जॅक लावून हाताने फिरवून पाहिली, कुठेही अडली नाहीत. पुढच्या रविवारी आम्ही चौघे ताम्हिणी घाटातून कोकणात उतरत होतो. एका तीव्र उजव्या वळणावर डाव्या पुढच्या चाकातून ‘खर्र’ असा आवाज आला, आणि मग तशा प्रत्येक वळणावर येऊ लागला. गाडी थांबवून पाहिले, तर टायरच्या कडेला बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा उमटलेला. मात्र त्या उभ्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यामधून आमचे बोट सहज जात होते! मग टायर घासला कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला शाळेतली भूमिती आणि थोडे यांत्रिकी पुरेसे आहे.

टायरवरचे आकडे

या गाडीच्या मूळ टायरवर ‘१४५/७० आर १२’ असे लिहिलेले असते. १४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १२ हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच, म्हणजे एककांच्या रूपांतरासाठी आयते उदाहरणच.

आता व्यास काढू. भिंतीची उंची १४५ × ०.७० = १०१.५ मि.मी. रिमचा व्यास १२ × २५.४ = ३०४.८ मि.मी. भिंत वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणून एकूण व्यास ३०४.८ + २०३ = ५०७.८ मि.मी.

याच गाडीवर १३ इंची रिम आणि ‘१४५/७० आर १३’ टायर घातला, तर व्यास ५३३.२ मि.मी. होतो. म्हणजे टायरचा माथा मडगार्डच्या जवळजवळ १३ मि.मी. जवळ जातो. शिवाय परीघ ५ टक्क्यांनी वाढल्यामुळे वेगदर्शक ६० दाखवत असेल तेव्हा गाडी पूर्वीच्या मानाने ६३ च्या वेगाने धावत असते. याउलट १३ इंची रिमवर ‘१६५/५५ आर १३’ टायर घेतला, तर व्यास ५११.७ मि.मी., म्हणजे मूळ व्यासापेक्षा फक्त ४ मि.मी. जास्त. रिम जेवढा मोठा, तेवढी भिंत बुटकी, असा हा हिशेब आहे. पण बुटकी भिंत खड्ड्याचा दणका कमी शोषते आणि तो रिमला बसतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

आमच्या सहकाऱ्यांनी व्यासाचा हिशेब बरोबर केला होता. चूक झाली ती आडव्या दिशेत.

ऑफसेट

चाक ज्या सपाट पृष्ठाने हबवर टेकते, ते पृष्ठ रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, त्या अंतराला ऑफसेट म्हणतात. हे पृष्ठ मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल, तर ऑफसेट धन. मिश्रधातूच्या चाकावर बहुधा ‘ईटी ३५’ अशी अक्षरे रोमन लिपीत असतात, त्यातला ३५ हा ऑफसेट.

समजा, जुना रिम ४ इंच रुंद आणि ऑफसेट ४० मि.मी. आहे. रुंदीचा अर्धा भाग ५०.८ मि.मी. म्हणून हबच्या पृष्ठापासून आतली कड ५०.८ + ४० = ९०.८ मि.मी. आणि बाहेरची कड ५०.८ – ४० = १०.८ मि.मी. अंतरावर येते. नवा रिम साडेपाच इंची, ऑफसेट ३५. आता आतली कड सुमारे १०५ आणि बाहेरची सुमारे ३५ मि.मी.वर. म्हणजे चाक १४ मि.मी. आत सरकले आणि तब्बल २४ मि.मी. बाहेर आले. आत शॉकअॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग, बाहेर मडगार्डची दुमडलेली कड. दोन्हीकडची जागा एकदमच कमी झाली.

चाक आत घासत असेल, तर हब आणि चाक यांच्यामध्ये चकती घालण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. त्याने चाक बाहेर सरकते आणि बाहेरची जागा तेवढीच कमी होते. शिवाय चकतीच्या जाडीइतके नटांचे आटे कमी पकडतात. ही बाब घासण्यापेक्षाही धोक्याची.

गाडी चालू लागल्यावर

दुकानात चाक सरळ असते आणि जॅकवर उचलल्यामुळे स्प्रिंग पूर्ण ताणलेली असते. म्हणजे मडगार्डपासूनचे अंतर तेव्हा सर्वांत जास्त! घाटात नेमके उलट घडले. चार माणसांचे वजन होते. उतारावर ब्रेक लावल्याने भार पुढच्या चाकांवर आला. उजव्या वळणात गाडी डावीकडे कलली आणि डावी पुढची स्प्रिंग आणखी दबली. त्याच वेळी स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असल्याने टायरची मागची कड बाहेर आली. या चार गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच टायर घासला.

गाडी जुनी असली की यात पाचवी गोष्ट येते. वर्षानुवर्षे भार सोसून स्प्रिंगा बसतात, रबरी बुश झिजतात, आणि अपघातानंतर ठोकून सरळ केलेले मडगार्ड मूळ जागी असतेच असे नाही. म्हणून ‘दुसऱ्याच्या गाडीला हीच चाके बसली’ हा पुरावा पुरेसा नाही. मोजायची ती आपली गाडी.

टायर घासला तर बिघडले कुठे? टायरच्या तळाशी पोलादी तारांचे पट्टे असतात, बाजूच्या भिंतीत मात्र फक्त धाग्यांचा थर आणि पातळ रबर. मूळ टायरचा परीघ सुमारे १.६ मीटर. ताशी ६० कि.मी. वेगाला चाक सेकंदाला दहा फेऱ्या करते. एक सेकंद घासणे म्हणजे त्याच जागेवर दहा घाव, आणि वर घर्षणाची उष्णता. भिंत फाटली तर टायरमधली हवा क्षणात जाते, आणि तिथे ठिगळही लावता येत नाही.

करून पाहा

वर्गात जाड कागदाचा आयत कापा. १:४ प्रमाणात तो १२७ मि.मी. लांब आणि ३६ मि.मी. रुंद असू द्या. वरून दिसणारा टायर तो हाच. आयताच्या आतल्या कडेजवळ टाचणी टोचून आयत दोन्ही बाजूंना ३० अंश फिरवा आणि कोपऱ्यांचा मार्ग पेन्सिलने काढा. आता रुंद आयत घ्या, मग टाचणी कडेपासून आणखी दूर घ्या. प्रत्येक वेळी कोपरे किती लांबवर पोहोचतात, ते मुलांना मोजू द्या.

गाडीवरची चाचणी याहून सोपी आहे. मडगार्डच्या आतल्या कडेला आणि शॉकअॅब्सॉर्बरला शाडूच्या ओल्या मातीचे अंगठ्याएवढे गोळे चिकटवा. ब्रेकची रबरी नळी मोकळी आहे ना, तेही पाहा. मग चार माणसे बसवून मोकळ्या मैदानात अगदी हळू गाडी चालवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, एखाद्या उंचवट्यावरून न्या. दबलेल्या मातीची उरलेली जाडी म्हणजे त्या फेरीतले कमीत कमी अंतर. माती गोळ्याच्या तळापर्यंत खरवडली गेली असेल, तर ते चाक त्या गाडीचे नव्हे. चाचणीत गोळा शाबूत राहिला, तरी घाटातला भार याहून जास्त असतो हे धरून जागा राखायला हवी.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासली जाते, तेव्हा हा प्रश्न उभा राहतो.

आमच्या सहकाऱ्यांनी अखेर जुने लोखंडी रिम घासून, रंगवून परत बसवले आणि मूळ मापाचे टायर घेतले. परतल्यावर आम्ही मातीचे गोळे लावून पुन्हा फेरी मारली. एकही गोळा दबला नव्हता. मोजमाप उभ्या गाडीत केले, तरी ते धरायचे असते सर्वांत अवघड क्षणासाठी. पूल असो, जिना असो की चाक, हा नियम सारखाच.